बाकाखालचा लाल

गावाने समेट करायचा ठरवला, तेव्हा नदीपलीकडच्यांना कळवायचं राहून गेलं. ठराव झाला, समिती नेमली गेली, समितीच्या सभांना घरोघरची मफिनं येऊ लागली, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ज्यांच्याशी समेट करायचा, त्यांच्यातलं एकही माणूस खोलीत नाही. म्हणून वेरोनिका ओसावामिकला फोन आला.

तिलाच का, याचं उत्तर सोपं होतं. रिझर्व्हवरच्या, म्हणजे अनिशिनाबे मूळनिवाशांसाठी राखलेल्या वस्तीतल्या, पोरांना पिवळ्या बसमध्ये घालून पूल ओलांडायचा आणि स्ट्रॅथबर्नच्या हायस्कुलात सोडायचं, हे काम ती इतकी वर्षं करत होती की गावाला नावाने ठाऊक असलेली पलीकडची ती एकमेव बाई होती. बाकी सगळे 'तिकडचे'.

फोनवर मार्जरी डनवूडी होती. गावच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, समेट समितीची अध्यक्ष, आणि प्लमच्या जॅमसाठी शरदातल्या जत्रेत दरसाल पहिलं बक्षीस घेणारी.

"वेरोनिका, आम्हाला भाषणं नकोयत. सगळ्यांनी मिळून हातानं काहीतरी करायचंय. तुमच्यात झाडापाल्याचे रंग करतात ना? मुळं, साली वगैरे? एकच पातेलं, त्याच्याभोवती गाव आणि तुम्ही. शिकवाल का?"

वेरोनिका 'नाही' म्हणणार होती. नाही म्हणण्याचा तिचा सराव चांगला होता. याआधी गावाला तिच्याकडून ढोल शिकायचा होता, आणि तिने आयुष्यात ढोल वाजवला नव्हता. पण फोन घेतला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, समोर टेबलाशी फिलोमेनमावशी बसली होती, आणि मावशीच्या पुढ्यात ते झाकण होतं.

झाकण भूर्जाच्या सालीच्या डब्याचं होतं. वर साळिंदराच्या काट्यांची नक्षी, स्ट्रॉबेरीचा एक वेल. पानं हिरवी, देठ काळसर, फुलं पांढरी. फळांच्या जागी मात्र नुसती भोकं. मावशीच्या आईने आरीने एकेक मोजून-मापून पाडलेली, लाल काटे ओवायची राहून गेलेली. लाल रंग रक्तमुळीचा, एका रानरोपाच्या मुळांचा. ती आणायला मावशीची आई नदीपलीकडच्या उतारावर जायची. एका वर्षी ख्रिस्ती मिशनने त्या उताराला कुंपण घातलं आणि आत शाळा उभी केली. त्याच शरदात ट्रक आला आणि लहानग्या फिलोमेनला आईपासून तोडून त्या निवासी शाळेत घेऊन गेला. रंग आणि पोर, दोन्ही एकाच कुंपणाच्या आत गेली. झाकण तसंच राहिलं.

मावशीने पुढे जन्मभर काट्यांचं काम केलं, नाव कमावलं, तिचे डबे लांबलांबच्या संग्रहालयांत काचेआड जाऊन बसले. पण आईच्या झाकणाला तिने हात लावला नाही. बाजारातला पुडीचा लाल एकदा करून पाहिला होता, आणि काटा उजेडात धरून म्हणाली होती, "हा लाल नव्हे, हा आगीचा बंब आहे."

आता तिचे डोळे विझत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रंग आधी जातील, आकार मागून. "आईचा लाल एकदा बघते आणि मग होते आंधळी," असं ती म्हणायची, चहा घेते आणि मग निघते म्हणावं तसं. वेरोनिकाने तिला शब्द दिला होता. रिझर्व्हवरचं सगळं रान तिने दोन वसंत पालथं घातलं, पण रक्तमुळी नव्हती. होती ती त्या उतारावरच. शाळा केव्हाच पाडून टाकली होती, कुंपणही गेलं होतं. उतार आता नगरपालिकेचा होता, आणि तिथे विनापरवाना खणणं हा गुन्हा होता.

"शिकवीन," वेरोनिका फोनवर म्हणाली. "पण मुळं जुन्या शाळेच्या उतारावरची लागतील. तुम्ही परवानगी मिळवा."

"तो उतार?" मार्जरी म्हणाली. "पण तिथे नुसतं तण माजलंय हो."

"तेच," वेरोनिका म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपण काहीतरी जास्तच थोडक्यात बोललो, हे तिला पुढच्या महिन्यात कळलं.

*

चांगल्या माणसांची समिती असली की ती सांगितल्यापेक्षा जास्त करते. समितीने उताराबद्दल ऐकलं, तिथे काय झालं होतं ते आठवून सगळ्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की काहीतरी बसवायचं, हा स्ट्रॅथबर्नचा जुना रिवाज. युद्ध झालं, तोफ बसवली. गिरणी बुडाली, घड्याळ बसवलं. या वेळी बाक बसवला.

उद्घाटनाचं आमंत्रण वेरोनिकाला होतं. ती बस घेऊनच गेली. खाली उतरली आणि बसच्या दाराशीच थांबली.

उतार स्वच्छ होता. इतका स्वच्छ उतार तिने कधी पाहिला नव्हता. एक पान नाही, एक काडी नाही. सगळीकडे सारख्या आकाराच्या लाकडी ढलप्या पसरलेल्या, आणि मधोमध देवदाराचा देखणा बाक, चारही पाय सिमेंटात. पाठीमागे खांबावर हातभर रुंदीची पितळी पाटी. त्यावर लिहिलं होतं की ही जमीन अनिशिनाबे लोकांची आहे हे आम्ही कृतज्ञतेने जाणतो. म्हणजे माहिती पक्की होती. परत करायचं तेवढं कोणाला सुचलं नव्हतं.

महापौरांचं भाषण झालं. फीत कापली गेली. मार्जरीचे डोळे पाणावले होते.

"तुमच्यासाठी केलं हे," ती वेरोनिकाचा हात धरून म्हणाली. "तुमच्या मावशींना इथे येऊन शांत बसता येईल."

"इथलं तण?"

"सगळं काढलं!" हे उत्तर लायलने दिलं. लायल नगरपालिकेच्या बागा सांभाळायचा. बाक त्याने स्वतः केला होता आणि तो सुरेख झाला होता, हे वेरोनिकालाही मान्य करावं लागलं. "वरचं सगळं कापून काढलं, मग खाली कापड अंथरलं. काळं, जाड असतं ते. त्याच्याखालून काही म्हणजे काही वर येत नाही. गॅरंटी."

"त्या तणाला रक्तमुळी म्हणतात," वेरोनिका म्हणाली. "त्याच्याचसाठी मी परवानगी मागितली होती."

मार्जरीने तिचा हात सोडला नाही, पण हाताला आपण कोणाचा हात धरलाय हे कळेनासं झालं. लायलने बाकाकडे पाहिलं, ढलप्यांकडे पाहिलं, मग टोपी काढली. कोणी वारल्यावर काढतात तशी.

"मुळांना हात नाही लावला मी," तो हळूच म्हणाला. "बाकाच्या पायांपुरते खड्डे घेतले, तेवढेच. खाली असतील अजून. पण कापड राहिलं तर वसंतापर्यंत गुदमरतील."

मागे फोटोसाठी सगळे बाकावर दाटीवाटीने बसत होते.

*

घरी येऊन वेरोनिकाने सांगितलं तेव्हा मावशी हसली. आधी खांदे हलले, मग पोट, मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधी कुंपण, मग शाळा, मग बाक," ती म्हणाली. "दर वेळी जरा बरी वस्तू आणतात, हे मानायला हवं."

"हसू नको गं मावशी. माझं चुकलं. मी नीट सांगायला हवं होतं."

"काय नीट सांगणार होतीस? 'तण आहे तसं राहू द्या'? त्यांच्यात तण दिसलं की हात शिवशिवतात. तो रोगच आहे." मावशी पुन्हा हसली. मग हसणं संपलं. तिने झाकण उचललं, भोकांवरून एकदा बोट फिरवलं आणि ते जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. ते झाकण टेबलावरून हललेलं वेरोनिकाने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. हसण्यापेक्षा तेच तिला लागलं.

इकडे मार्जरी डनवूडी बेचैन होती. माफी मागायला काय घेऊन जावं याबद्दल तिने समितीत विचारलं. एकाने फुलं सुचवली, एकीने भट्टीत भाजलेल्या नूडल्सचं पातेलं. मार्जरीला दोन्ही पटेना. शेवटी ती पूल ओलांडून आली आणि रिझर्व्हच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवून तिने गल्ल्यावरच्या माणसालाच विचारलं. तो क्लिफर्ड, वेरोनिकाचा मावसभाऊ.

"कोणाला काही मागायचं असेल, तर तंबाखू द्यायची," क्लिफर्ड म्हणाला.

"पण मला तर माफी मागायचीय."

"मागणंच आहे की तेही."

तिने तंबाखूची पुडी घेतली. ती गाडीत बसेपर्यंत क्लिफर्डचा फोन वेरोनिकाकडे पोचला होता. "अगं, ती बाकवाली येतेय. पुडी घेऊन. चेहरा असा की दात काढायला निघालीय. मावशीला सांग, आणि केस विंचर म्हणावं."

मावशीने केस विंचरले नाहीत. टेबलाशी होती तशी बसून राहिली. मार्जरी आत आली, कोट न काढताच उभी राहिली, आणि समितीच्या सभेत दर वेळी सुरुवातीला म्हणतात ते तिच्या तोंडून आपोआप सुरू झालं.

"सर्वप्रथम मी हे नमूद करू इच्छिते, की आज आपण ज्या भूमीवर एकत्र जमलो आहोत, ती..."

"स्वयंपाकघर आहे गं बाई," मावशी म्हणाली. "बस."

मार्जरी बसली. वेरोनिकाने चहा ओतला. पुडी टेबलाच्या मधोमध ठेवली गेली, साखरेच्या डब्याशेजारी.

"काय मागायला आलीस?"

"माफी."

"माफी रेडिओवर मागतात लोक. पंतप्रधानसुद्धा मागतात. मी ऐकते बसून. तू काम सांग."

मार्जरीने चहाच्या कपाकडे पाहिलं. जत्रेतली बक्षिसं आणि ग्रंथालयातली शिस्त या दोहोंनी घडलेली ती बाई होती. पडतं घ्यायची सवय तिला नव्हती, आणि ते तिच्या बसण्यात दिसत होतं. "ती मुळं कशी काढायची, ते शिकवा," ती म्हणाली. "आणि रंग कसा करायचा तो. बाक मी काढवते."

"महापौर काढू देईल?"

"नाही."

"मग?"

"मग मी काढवते."

मावशीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट, डोळे बारीक करून पाहिलं. पण पुडीला हात लावला नाही.

वेरोनिकाला कारण ठाऊक होतं. तंबाखू घेतली की शब्द दिला. मुळं नेमकी कुठे दाट होती हे माहीत असलेली मावशी एकटीच उरली होती, म्हणजे शब्द दिला की तिला स्वतः त्या उतारावर जावं लागणार. शाळेतून सुटल्यापासून तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. बसमधून पूल ओलांडतानासुद्धा ती पलीकडच्या खिडकीतून बघायची. आईचा लाल हवा होता, पण तो त्या मातीत होता. इतकी वर्षं मावशीने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या.

चहा निवला. मार्जरीने 'काही अडचण आहे का' असं विचारायला तोंड उघडलं, आणि वेरोनिकाच्या मनात आलं, आता ही बोलली की संपलं. पण मार्जरीने तोंड पुन्हा मिटलं. समितीच्या इतिहासात असं प्रथमच घडत असावं.

मावशीने हात पुढे केला आणि पुडी उचलून मांडीवर ठेवली.

"रबरी हातमोजे आणायला सांग सगळ्यांना," ती म्हणाली. "चीक चावतो कातडीला. आणि कोणी मफिनं आणणार असेल तर बेदाण्याची नकोत."

*

उद्घाटन झालेली वस्तू हलवायची प्रथा गावात नव्हती. नगरपालिकेत मार्जरीने विषय मांडला. महापौर म्हणाले, विचार करू. मार्जरी म्हणाली, विचार करा, तोवर समितीचा राजीनामा ठेवून घ्या. महापौर म्हणाले, असं टोकाला जाऊ नका. ही चर्चा रंगात आली असताना लायल पहार घेऊन उतारावर गेला आणि सिमेंट फोडून बाक ट्रकवर चढवून मोकळा झाला. नोंदीत त्याने 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलं. काय दुरुस्त करायचं होतं, ते कोणी विचारलं नाही.

ठरल्या सकाळी वेरोनिकाने रिझर्व्हवरची मंडळी बसमधून आणली. क्लिफर्ड, दोघी-तिघी काट्यांचं काम करणाऱ्या बायका, आणि पुढच्या सीटवर मावशी, मांडीवर उशीच्या अभ्र्यातलं झाकण. पूल आला. मावशी सरळ समोर बघत राहिली. या खिडकीतून नाही, त्याही नाही.

रस्त्याच्या कडेला समितीची माणसं ओळीने उभी होती. पिवळे, गुलाबी, हिरवे हातमोजे घातलेली. प्रत्येकाच्या काखेत एक कोरा पांढरा टी-शर्ट, रंगवायला. त्यांच्याकडे पाहून क्लिफर्ड पुटपुटला, "भांडी घासायला आलेत वाटतं." 

मावशी उतरली आणि रस्ता संपून माती सुरू होते तिथे थांबली. पुढे सरकेना. वेरोनिका तिच्या कोपराशी उभी राहिली, पण तिने तिला धरलं नाही. गावातली माणसंही गप्प होती. वारा सुटला होता, थंडी होती, आणि गावाला थांबायची सवय नव्हती. तरी थांबली. कोणी खोकलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. वेरोनिकाने मनातल्या मनात त्यांना एक गुण दिला. फार दिला नाही, एकच.

"धुलाईघर इथे होतं," मावशी शेवटी म्हणाली, आणि तिने पाऊल टाकलं. "खिडकी अशी. चादरी घासता घासता बाहेर बघायचं. तो दगड दिसायचा, आहे का अजून?"

"आहे," लायल म्हणाला.

"त्याच्या डाव्या हाताला वसंतात पांढरी फुलं यायची. आईचीच फुलं, आणि मी आत." ती चालू लागली. डोळ्यांना दिसत होतं म्हणून नाही. पायांना ठाऊक असल्यासारखी. "एकदा कपडे वाळत घालताना मी एक मूळ उकरलं आणि नखं रंगवली. मिशनच्या सिस्टरने धुण्याच्या ब्रशने घासली. रंग काही गेला नाही," हे तिने जरा मान वर करून सांगितलं. "रक्त आलं, पण रंग नाही गेला."

दगडाच्या डावीकडे ती थांबली. बाकाच्या सिमेंटाचे फुटके तुकडे तिथेच पडले होते. बाक अगदी नेमक्या जागी बसवला होता. पत्ता विचारून बसवावा तसा.

लायलने ढलप्या बाजूला केल्या, काळं कापड सुरीने चिरलं. खाली ओली माती, सुकलेल्या पानांचे देठ, आणि बोटाएवढं जाड एक मूळ वर डोकावलेलं. मावशी गुडघ्यांवर बसली. चिमूटभर तंबाखू मुळाशी ठेवून तिने ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि मग माती पुन्हा त्याच्यावर ओढली.

"हे घ्यायचं नाही," ती म्हणाली. "पुढचं शोधा."

"पण हेच तर चांगलं मोठं आहे," समितीतला निवृत्त दंतवैद्य म्हणाला. उपटायला तो आतुर होता. त्याचा पिंडच तो.

"म्हणूनच. पहिलं भेटलेलं ठेवायचं. घरात शिरल्या शिरल्या आजीला उचलून नेतात का?"

मग सगळे गुडघ्यांवर आले. महापौर सोडून सगळं गाव जणू त्या उतारावर रांगत होतं, आणि ते पाहून क्लिफर्डला एवढा आनंद झाला की तोही रांगू लागला. मूळ सापडलं की आधी त्यालाच विचारायचं, घेऊ का, दाट असेल तिथलंच घ्यायचं, कोंब असलेला तुकडा मोडून परत पुरायचा. दंतवैद्याने पहिलं मूळ मोडलं आणि त्याच्या पिवळ्या हातमोज्यावर लाल चीक ओघळला, तसा तो दचकला. "अरे बापरे," तो म्हणाला, "याला भूल द्यायला हवी होती."

मावशी खळखळून हसली. त्या उतारावर ती कधी हसली असेल, असं वेरोनिकाला वाटत नव्हतं.

*

चूल तिथेच मांडली. पण वारा काही ज्वाळ टिकू देईना. लायल इकडेतिकडे बघत राहिला, मग जाऊन खांबावरची पितळी पाटी उपसून आणली आणि चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभी केली. ज्वाळ सरळ झाली. आम्ही कृतज्ञतेने जाणतो, हे शब्द हळूहळू काजळीने काळे होत गेले. ती पाटी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होती.

मुळं ठेचून पातेल्यात गेली, वर नदीचं पाणी. चांगलं उकळल्यावर मावशीने पांढऱ्या काट्यांची जुडी सोडली. सगळे भोवती जमले. बराच वेळ गेला आणि वेरोनिकाने काडीने एक काटा बाहेर काढला.

नारिंगी. झळझळीत, पिकल्या संत्र्यासारखा.

"वा!" कोणीतरी म्हणालं, आणि समितीने टाळ्या वाजवल्या. मग एकेकाने मावशीकडे पाहिलं आणि टाळ्या विरळ होत थांबल्या.

मावशीने काटा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "चांगला आहे," ती म्हणाली. "पण लाल नव्हे हा."

"अजून मुळं घालू या का?" वेरोनिकाने विचारलं. तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

"मुळांनी गडद होईल. लाल नाही व्हायचा." मावशी पातेल्यापाशी ओणवी झाली, वाफ नाकात घेतली आणि मान हलवली. "आई यात आणखी काहीतरी टाकायची. साल कसली तरी. मी फार लहान होते गं. झाड आठवत नाही. वास आठवतो, तिच्या हातांना यायचा तो. नाताळात मिशनमध्ये पाहुण्यांसाठी केक यायचा, वर बदामाचा थर असलेला. आम्हाला नाही मिळायचा. पण वास यायचा आणि मला आई आठवायची. इतर पोरं केकसाठी रडायची. मला वाटायचं, यांच्याही आया रंग करतात."

रिझर्व्हवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातल्याही कोणाला ठाऊक नव्हतं. विचारावं अशी आधीची पिढी राहिली नव्हती, किंवा जी राहिली होती ती इथेच चादरी घाशीत मोठी झाली होती. काटा मावशीच्या बोटांत तसाच होता, आणि ढगांमागचं ऊन कमी होत होतं. वेरोनिका विचार करत होती, पुढच्या शरदात पुन्हा करून बघू असं म्हणता येईल का. पुढच्या शरदात मावशीला नारिंगी आणि लाल सारखेच दिसतील.

"कडू बदाम?" मार्जरी एकदम म्हणाली. "गोड नाही, कडू?"

"कडू."

"माझं प्लमचं झाड. रानटी प्लम आहे, घर बांधायच्या आधीपासूनचं. फांदी छाटली की हाताला दिवसभर तोच वास येतो. मी दर वसंतात छाटते आणि..." ती थांबली. "आणि फांद्या जाळून टाकते."

"कुठे आहे झाड?"

"माझ्या परसात."

"तुझ्या?" मावशीने विचारलं.

मार्जरी लाल झाली. त्या दिवसातला पहिला खरा लाल तोच. "तुमच्या," ती म्हणाली. "पण जॅम माझा."

"जॅम तुझा," मावशीने मान्य केलं. "पळ आता. तंबाखू घेऊन जा. आणि झाडाला विचार, स्वतःला नको विचारू."

मार्जरी डनवूडीला पळताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. लायलने ट्रक काढला. नंतर तो सांगायचा, बाई झाडापाशी गेली, तंबाखू ठेवली आणि बुंध्याशी बोलली. आवाज ग्रंथालयातला, हळू. खिडकीतून शेजारी बघत होते. तिने त्यांना हातही केला नाही.

फांदी आली. काट्यांचं काम करणाऱ्या बायकांनी वरची साल खरवडून आतली कोवळी साल सोलली. वास सुटला, तशी मावशीने डोळे मिटले आणि ते मिटलेलेच ठेवून हाताने खूण केली: घाला.

पुन्हा वाट पाहायची होती. या वेळी कोणी टाळ्यांच्या तयारीत नव्हतं. क्लिफर्डने बेदाण्याचं मफिन खाल्लं. कोणीतरी आणलं होतंच. दंतवैद्य चूल फुंकत बसला.

वेरोनिकाने काडी बुडवली, काटा वर आला आणि तिला मावशीच्या तोंडाकडे बघण्याचा धीर झाला नाही. तिने काटा स्वच्छ पाण्यात खळबळून तळहातावर ठेवला आणि तळहात पुढे केला. बंबाचा नव्हे, संत्र्याचाही नव्हे. खोल, मातीचा अंश असलेला, पिकून वेलीवरच राहिलेल्या रानस्ट्रॉबेरीसारखा.

मावशीने तो उचलला. ढगातून थोडं ऊन आलं होतं, त्यात धरला. जवळ नेला, लांब नेला. पुन्हा जवळ आणला नाही.

"हा," ती म्हणाली.

मग तिने अभ्रा सोडला. काटे मऊ करायला ती तोंडात धरायची, पण रक्तमुळीचे तोंडात धरत नाहीत, ते तिला आठवलं, आणि ते कोमट पाण्यात टाकायला तिने फर्मावलं. तिथेच, चुलीशेजारी, खुर्ची म्हणून उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून तिने पहिला काटा आईच्या पहिल्या भोकात घातला. तिला बघावं लागत नव्हतं. भोकं बोटांना सापडत होती. जिने पाडली होती, ती पुढचं कुठे आहे ते सांगत असल्यासारखी. गाव आणि पलीकडचे, सगळेच हातमोजे काढून बघत राहिले.

उरलेल्या पाण्यात समितीने आपापले टी-शर्ट बुडवले. कापसावर तो रंग नीट धरत नाही, हे मावशीने सांगून पाहिलं. टी-शर्ट गंजलेल्या पत्र्यासारखे निघाले, काही ठिकाणी डाग, काही ठिकाणी काहीच नाही. ते घालून समिती पुढच्या सभेला गेली. महापौरांनी विचारलं, बाक दुरुस्त झाला का? मार्जरी म्हणाली, त्याच्याखालची जागा दुरुस्त होतेय, वेळ लागेल.

झाकण हिवाळ्याआधी पुरं झालं. वेरोनिकाने ते खिडकीशी धरलं आणि एकेक स्ट्रॉबेरी पाहत गेली. कोपऱ्यातली शेवटची तशीच होती, रिकामी, भोकांची.

"मावशी, ही राहिली."

"ठेवलीय."

"अगं, पण पुढच्या शरदात तुला..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मला नाही दिसणार. तुला दिसेल. त्या मार्जरीलाही दिसेल, चष्मा लावला तर." मावशीने झाकण तिच्या हातातून घेतलं, रिकाम्या जागेवर अंगठा ठेवला. "सगळं भरून टाकलं तर पुन्हा एकत्र यायला निमित्त कुठून आणणार? आणि निमित्त नसलं ना, की ते लोक बाक बसवतात."